सात ग्रॅम

शाम आडे चोर नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं ऐकून तुम्हीही म्हणाल, की आग असल्याशिवाय धूर निघत नाही. निघतो बाप्पा. कधीकधी नुसता धूरच निघतो, आणि माणसाचे डोळे आयुष्यभर चुरचुरत राहतात.

शाम तालुक्याच्या ठाण्यात हवालदार होता, आणि त्याच्याकडे मुद्देमालाचं काम होतं. म्हणजे चोरीचा, मारामारीचा, अपघाताचा जो काही माल ठाण्यात जमा होईल, तो नोंदवायचा, चिठ्ठी लावायची, कुलपात ठेवायचा. ठाण्याच्या मागे एक लांबट खोली होती. तिथं मोडक्या मोटारसायकली, कुऱ्हाडी, पाण्याचे पंप, गुटख्याची पोती, आणि कुणी न्यायलाच न आलेली एक शिलाई मशीन. दिवसभर शाम त्या खोलीत. बायको बबिता लेकरांच्या शाळेपायी यवतमाळला राहायची, महिन्यातून दोनदा भेट व्हायची. बाकीचे दिवस खानावळीचा डबा आणि सरकारी क्वार्टर. गावात ओळखी होत्या, नाही असं नाही. पण पोलिसाच्या ओळखी कशा असतात ते तुम्हाला माहीत आहे. चहावाला पैसे घेत नाही, आणि मनातून पाणीही पाजत नाही.

तांड्यात तर त्याहून वाईट. शाम तिथंच जन्मला, तिथंच वाढला. वर्दी अंगावर चढली त्या वर्षी तांड्याने त्याला खांद्यावर घेतलं होतं. मग एकदा शेजारच्या गावात चोरी झाली, आणि ठाण्यातल्या मंडळींनी सवयीप्रमाणे तांड्यातली दोन पोरं संशयावरून उचलली. दोन दिवस बसवून ठेवली, चार थपडा दिल्या, तिसऱ्या दिवशी खरा चोर भलताच निघाला तेव्हा सोडून दिली. माफी वगैरे कोण मागतो? शामने तेव्हा साहेबांना दोनदा हात जोडले होते, पोरांना चहा-पोहे नेऊन दिले होते. पण तांड्याने एवढंच ध्यानात ठेवलं, की पोरं मार खात होती तेव्हा शाम आतच होता, आणि वर्दीत होता. त्या दिवसापासून शाम तांड्यात शिरला की ओट्यावरच्या गप्पा बंद. कुणी टाकून बोलायचं नाही, कुणी बोलवायचंही नाही.

एकच दार उघडं राहिलं, ते लालीबाईचं. लालीबाई त्याची काकी. शाम तीन वर्षांचा असताना आई गेली, आणि या बाईनं त्याला पदराखाली घेतला. तिला स्वतःचं लेकरू नव्हतं. तो तिला काकी कधी म्हणालाच नाही. याडी म्हणायचा, म्हणजे बंजारा बोलीत आई. पंधरा दिवसांनी जायचा, भाकर खायचा, तिचं वीजबिल भरायचा आणि जीप धरून परत यायचा.

काका जाऊन अकरा वर्षं झाली होती. बंजाऱ्यांत सवाष्ण बाई केसांत दोन्ही बाजूंना चांदीची घुगरी-टोपली बांधते, कपाळाशेजारी लोंबणारे जड दागिने. नवरा गेला की ती उतरते. लालीबाईने त्या दिवशी उतरवली, गळ्यातली हासली काढली, आणि सगळं एका पितळी गुंडीत टाकून चुलीमागच्या कोनाड्यात ठेवलं. धुतलं नाही, पुसलं नाही. ती ते अंगावर घालत नव्हती. पण दर अमावास्येला गुंडी काढायची, दागिने मांडीवर घ्यायची आणि बराच वेळ तशीच बसायची. शामने हे कितीदा पाहिलं होतं.

दिवाळीनंतर लालीबाई दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला गेली होती. आली तर कुलूप तुटलेलं, कोनाडा मोकळा.

तांडा गोळा झाला. डोंगरसिंग नायकाने सरळ सांगितलं, "बाई, झालं थे झालं. पोलिसात जाशीन तर चोर सापडाच्या आधी आपलेच पोट्टे उचलतीन. मांगच्या खेपेचं इसरली काय?"

लालीबाई म्हणाली, "माहा शाम हाये तिथं."

"शाम हाये, म्हणूनच म्हणतो."

तिने ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या जीपमध्ये बसून ठाण्यात आली आणि शामच्या टेबलासमोर बाकावर बसली. रडली नाही. "शाम, म्या साऱ्या तांड्याचं न ऐकता आली," एवढंच म्हणाली. शामने तिथंच, रिपोर्ट लिहून घ्यायच्या आधी, शब्द दिला. "याडी, तुह्ये दागिने आणून देतो. अन् तांड्यातल्या एकाही पोट्ट्याले हात लागू देत नाही."

आता असा शब्द पोलिसाने देऊ नये. पण दिला. आणि आश्चर्य म्हणजे पाळला. तपास त्याच्याकडे नव्हता, तरी ज्याच्याकडे होता त्या जमादाराच्या तो हात धुऊन मागे लागला. सुटीच्या दिवशी स्वतःच्या पैशाने दारव्ह्याच्या, महागावच्या बाजारात हिंडला. जुनी बंजारा चांदी मोडायला कोण आणतं, ते सोनारांच्या पेढ्यांवर बसून विचारत राहिला. सोनार काही पोलिसाला सहज सांगत नसतात, घोंगडं आपल्याच गळ्यात पडायचं. तिसऱ्या महिन्यात एकाने सांगितलं. मोटारसायकलवर चादरी विकत फिरणारे दोघे, लांबच्या जिल्ह्यातले. धरले. एकाच्या पिशवीतून घुगरी-टोपली आणि हासली जशीच्या तशी निघाली, गुंडी तेवढी विकून खाल्ली होती. पंचांसमोर सोनाराच्या काट्यावर वजन झालं. चारशे बारा ग्रॅम. कागदावर लिहिलं, पाकीट केलं, लाखेचं सील ठोकलं, आणि पाकीट शामच्याच खोलीत येऊन पडलं.

तांड्यातल्या एकाही पोराला कुणी हात लावला नव्हता.

कोर्टाने माल फिर्यादीला परत द्यायचा हुकूम दिला. साहेब नवे होते, उत्साही होते. ते म्हणाले, असा गुपचूप नाही द्यायचा. ठाण्यासमोर मांडव टाकू, चार लोकांसमक्ष देऊ, पेपरवाले बोलावू. लोकांना कळू दे पोलीसही कामाचे आहेत. सोमवार ठरला.

निमंत्रण द्यायला शाम स्वतः तांड्यात गेला. त्या दिवशी ओट्यावरच्या गप्पा बंद झाल्या नाहीत. डोंगरसिंग नायकाने बस म्हटलं, घरातून चहा आणवला. "दागिने डोयानं पाहीन तवा मानीन," नायक म्हणाला. "पण पाह्यले, तर साऱ्या तांड्यासमोर तुह्या पाठीवर हात ठेवीन." त्या एका चहाने शाम किती सुखावला, काय सांगू. चाळिशीतला माणूस, पण परतीच्या जीपमध्ये उगीचच हसत होता. इतक्या वर्षांनी आपल्या माणसांत आपल्याला जागा मिळणार होती, आणि ती सोमवारी मिळणार होती.

मग रविवार आला, आणि शामने घोळ घातला.

दुपारी ठाण्यात सामसूम होती. त्याने कपाटातून पाकीट काढलं, उद्याच्या तयारीला म्हणून. हात लावला आणि वाटलं, एकदा बघावं. सील तोडलं. उद्या तोडायचंच होतं की! आत दागिने काळेकुट्ट. तेल, धूळ, चुलीचा धूर, सगळं बसून बसून घट्ट झालेलं. घुगरीच्या बारीक गोळ्यांच्या मधल्या फटीसुद्धा बुजलेल्या. त्याला लहानपणची लालीबाई आठवली. दिवाळीत ती चालायला लागली की कपाळाशेजारी चांदी लखलखायची, आणि तो तिच्या मागेमागे पळायचा. हे काळं डबोलं उद्या चार लोकांत तिच्या हातात द्यायचं? पेपरात फोटो यायचा. नायक पाहणार.

त्याने रिठे आणले, कोमट पाणी घेतलं, जुना ब्रश घेतला, आणि बाहेरच्या नळाजवळ नाही, आत खोलीत दार लोटून बसला. दोन तास घासत होता. पाणी काळं व्हायचं, तो मोरीत ओतायचा, परत घासायचा. टोपलीवरची नक्षी त्याने जन्मात पहिल्यांदा पाहिली. मऊ फडक्याने पुसून त्याने दागिने नव्या पाकिटात ठेवले. एवढं समाधान त्याला कोणत्याही बक्षिसाने झालं नसतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. पण त्याच्या मनात एवढंच होतं, की याडी खूश होईल.

सोमवारी मांडवात दीडशे माणूस होतं. तांड्यातून दोन जीप भरून लोक आले. लालीबाई नवं लुगडं नेसून पुढच्या खुर्चीत. साहेबांचं भाषण झालं. एकाला मोटारसायकल मिळाली, एकीला मोबाइल. मग शामने ताटावरचा रुमाल काढून ताट लालीबाईसमोर धरलं.

चांदी उन्हात अशी चमकली की पेपरवाल्याने कॅमेरा खाली घेतला.

लालीबाई पाहत राहिली. हात पुढे केला नाही. मग एक टोपली उचलून नाकाशी नेली, हुंगली, आणि ताटात परत ठेवली. पुढचं ती आपल्या बोलीत बोलली, हळूच. साहेबांना काही कळलं नाही. त्यांनी शामला विचारलं, "काय म्हणतात?"

सांगायचं कुणी? शामनेच. मागे नायक बसला होता, सारा तांडा बसला होता, आणि नसते बसले तरी शामने दुसरं काही सांगितलं नसतं. "साहेब, ती म्हणते हे माझे नाहीत. माझ्या दागिन्यांना माझ्या तेलाचा वास होता. हे कुणीतरी बदलले."

मांडवात कुजबुज झाली. साहेब हसले, म्हणाले, "आजी, चोरानेच कबूल केलंय, तुमचेच आहेत." पण डोंगरसिंग नायक उठला. त्याचा आवाज शांत होता. "साहेब, कोर्टाच्या कागदावर वजन असन ना? मंग तोला."

समोरच्याच सोनाराचा काटा आणला. पंचांसमोर वजन झालं होतं तोच काटा. चारशे पाच ग्रॅम.

परत तोलले. चारशे पाच.

शाम आकड्याकडे बघत उभा होता, आणि त्याला त्या क्षणी कळलं की बाकीचे सात ग्रॅम काल त्याने आपल्या हाताने मोरीत ओतले. साहेबांनी त्याला दंडाला धरून आत केबिनमध्ये नेला आणि दार लावलं.

शामने सगळं सांगितलं. साहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. "अरे, सीलबंद माल घासायला तुला कोणी सांगितलं होतं? तू काय कल्हईवाला आहेस?" मग खिडकीतून मांडवाकडे पाहिलं. वाईट माणूस नव्हता तो. "ऐक. त्या दिवशीचा काटा गडबडला होता, असं सोनाराकडून लिहून घेतो. पंच आपलेच आहेत, सह्या करतील. मी बाहेर जाऊन सांगतो, वजन लिहिण्यात चूक झाली होती, माल तोच आहे. कागद दाखवला की लोक गप्प बसतात. तू धुतल्याचं कुणाला बोलू नको."

आणि खरं सांगू? ते चाललं असतं. साहेबाच्या तोंडून, शिक्क्याच्या कागदावरून आलेलं खोटं नायकाने मानलं असतं, तांड्याने मानलं असतं. लालीबाईने दागिने पोटाशी धरले असते, आणि शामच्या पाठीवर हातही पडला असता. शामला ते दिसत होतं. पण हेच तर तांडा इतकी वर्षं म्हणत आला होता, की हे आत जातात, दार लावतात, आणि बाहेर येऊन नवा कागद दाखवतात. खोटं चालवून घेतलं, तर त्या हाताखाली पाठ वाकवून उरलेला जन्म काढावा लागला असता.

"नाही साहेब," तो म्हणाला. "जे झालं थे सांगतो."

"मरशील."

"मरतो मंग."

तो बाहेर आला आणि माइक न घेता सगळ्यांना सांगितलं. सील मी तोडलं. रिठ्याने मी घासले. वजन कमी झालं ते मळाचं. तेल आणि धूर निघून गेला, चांदी गुंजभरही गेली नाही. मधे न थांबता पूर्ण बोलला.

नायकाने ऐकून घेतलं. मग विचारलं, "सील तू तोडलं?"

"हो."

"कोणाच्या समोर?"

"कोणाच्याच नाही."

"खोलीत एकलाच होता? दार लावून?"

"हो."

"बस मंग," नायक म्हणाला, आणि तांड्याकडे वळला. "चला. कुंपणानंच वावर खाल्लं, तर कोणाले इचारता?"

दोन्ही जीप भरल्या आणि गेल्या. लालीबाई मागच्या बाकावर होती. तिने वळून पाहिलं नाही. मांडवात रिकाम्या खुर्च्या राहिल्या, आणि ताटात दागिने.

सत्य बोललं की मन हलकं होतं म्हणणारे कोण असतात, देव जाणे. शामचं काही झालं नाही हलकं. त्याने ठाण्याच्या डायरीत आपल्या हाताने नोंद केली, साहेबांना नाइलाजाने वर कळवावं लागलं, चौकशी लागली. मुद्देमालाच्या चाव्या अंजू नावाच्या नव्या महिला शिपायाकडे गेल्या आणि शामला दाराशी पहाऱ्यावर उभं केलं. सोबतचे म्हणायचे, एवढ्या वर्षांत काही खाल्लं नाहीस, आणि सात ग्रॅमपायी नाव घालवलंस, खाऊन तरी घालवायचं. हसायचे. बबिताने फोनवर विचारलं, "खरं सांगा, घेतलीत तर नाही ना?" आणि लगेच म्हणाली, "मी आपलं इचारलं." त्यानंतर शामने तिला चार दिवस फोन केला नाही.

तांड्यात तो दोनदा गेला. दोन्ही वेळा लालीबाईच्या दाराला कुलूप होतं. दुसऱ्या वेळी आत चूल पेटलेली होती, कौलांतून धूर निघत होता. कुलूप बाहेरून कुणी लावलं होतं, ते त्याने विचारलं नाही. ओसरीत वीजबिल पडलं होतं, ते उचलून घेऊन आला.

मार्चमध्ये तांड्यातल्या दोन घरच्या चार शेळ्या चोरीला गेल्या. ठाण्यात कुणी आलंच नाही. शामला ते घाटंजीच्या बाजारात एका टरबूजवाल्याकडून कळलं. नायकाने मंतरलेले तांदूळ सगळ्यांना चघळायला दिले, म्हणे; ज्याच्या तोंडातून कोरडे निघतील तो चोर. ज्याचे कोरडे निघाले तो एक आजारी म्हातारा होता. त्याने दंड भरला. शेळ्या काही सापडल्या नाहीत. शाम टरबूज न घेताच परतला.

एप्रिलच्या सुरुवातीला कोर्टाचा कागद आला, की फिर्यादीने माल नेला नाही तर तो सरकारजमा होईल. आणि एका बुधवारी भर उन्हात लालीबाई एकटीच आली.

शाम दाराशीच होता. ती त्याच्याजवळून आत गेली. अंजूने पाकीट उघडलं, कागद पुढे केला. लालीबाईने अंगठा दिला नाही. आधी टोपली घेतली, उलटी केली, आतल्या बाजूने बोट फिरवलं. कडेला एक बारीक जोड होता, काकाने कधीतरी तुटलेली जागा तारेने बांधून घेतली होती. मळाखाली तो इतकी वर्षं दिसत नव्हता. तिचं बोट तिथं थांबलं. बराच वेळ थांबलं.

"माह्येच हायेत," ती म्हणाली.

दाराशी उभ्या शामने ते ऐकलं. दोन-अडीच महिने तो याच दोन शब्दांसाठी जगला होता. तो आत आला. तिने अंगठा दिला, दागिने फडक्यात बांधले, पिशवीत ठेवले, आणि मग प्रथमच त्याच्याकडे वर पाहिलं. डोळे भरलेले होते. त्याच्या वर्दीच्या बाहीवर हात ठेवून ती अगदी हळू बोलली, अंजूला ऐकू जाऊ नये म्हणून.

"बदलले नाहीत तू. म्या उगाच बोलली चार माणसात. अन् त्या सात ग्रॅमचं मनाले लावून घेऊ नोको, बेटा. तुले गरज लागली असन. लेकराचा हक्क रायते मायच्या चांदीवर. मले मांगतलं असतं, तर म्या आपल्या हातानं देल्लं असतं."

"याडी," शाम म्हणाला, "म्या नाही घेतली. तो मळ होता. तुह्या तेलाचा मळ होता."

"बरं," ती म्हणाली. लहानपणी त्याच्या तोंडाला गूळ लागलेला असायचा आणि तो खाल्लाच नाही म्हणायचा, तेव्हा ती असंच बरं म्हणायची. "बरं बाबा. नाही घेतली."

तिने त्याच्या गालावरून हात फिरवला, बोटं आपल्या कानशिलावर मोडली, आणि बाहेर पडली.

तिने शिव्या दिल्या असत्या तर शाम भांडला असता. थुंकली असती तर पाय धरून समजावलं असतं. पण ज्याला माफ करून टाकलं, त्याने आता कुणाशी भांडायचं? रस्त्याच्या पलीकडे जीप उभी होती, अजून भरायची होती. लालीबाई खिडकीशी बसली होती, मांडीवर पिशवी धरून. शाम फाटकापर्यंत गेला आणि तिथंच थांबला.